काचेवरचा तपकिरी रंग

रोह्यातल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये थुंकीचा नमुना काचपट्टीवर पातळ पसरतात, वाळवतात, रंगवतात. हा क्रम छायाचित्रासाठी नीट लिहून ठेवला तो रॉबर्ट कॉख यांनी, १८७७ मध्ये.

कॉख तेव्हा प्रशियातल्या वोल्श्टाइन या लहान गावचे सरकारी डॉक्टर होते. जिवाणूंची चित्रे हाताने काढली जात. काढणाऱ्याच्या मनातले आकारही त्यात उतरत. कॉखना पुरावा हवा होता. पण थेंबातले जिवाणू हलतात, छायाचित्र पुसट येते. म्हणून थेंब पसरून वाळवायचा. रंगवण्याची युक्ती वायगर्ट यांची. खरी मेख पुढे होती. त्या काळच्या प्लेटवर निळा प्रकाश चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. निळे जिवाणू डोळ्यांना ठसठशीत दिसत, प्लेटवर मात्र उजळ पार्श्वभूमीत विरत. कॉखनी ते तपकिरी रंगवले. डोळ्याला रुचणारा नव्हे, प्लेटला पटणारा रंग!

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा निदानावरून वाद पेटला. ऑक्टोबरात कलकत्त्याहून आलेल्या हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात काम मांडले आणि निदानाला दुजोरा दिला. प्लेगचा जंतू रंगवला की टोके गडद, मध्य फिका दिसतो. इथे निवाडा प्लेटचा नव्हता, डोळ्याचा होता. निळाही चालत होता.

१८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाच्या कामासाठी स्वतः कॉख मुंबईत उतरले.