अठ्ठावीस युगे आणि अनादी काळ

देवळीत काय, पंढरीत काय, आरती सुरू झाली की विटेवरच्या देवाला अठ्ठावीस युगे मोजली जातात. कोणी हा आकडा चार वेद, सहा शास्त्रे व अठरा पुराणांचा सांगतात; संकल्पात मात्र आपण वैवस्वत मन्वंतरातले अठ्ठाविसावे चतुर्युग उच्चारतो. मला संकल्पाची मोजणी अधिक पटते. एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे, अशी हजार म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षे. ऐकून छाती दडपते, पण जे मोजता आले ते अनंत नव्हे.

अनंत म्हणजे फार मोठा आकडा, ही समजूत भास्कराचार्यांनी मोडली. शके १०७२ च्या सिद्धान्तशिरोमणीतील बीजगणितात ते तीनाला शून्याने भागतात व त्या राशीला ‘खहर’ म्हणतात. (आजचे गणित हा भागाकार मानत नाही, ते असो.) तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती तेवढीच. दृष्टांत कोणाचा, तर अनंत अच्युताचा: प्रलयात जीव त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर येतात, तो वाढत नाही की घटत नाही. गणिती असून दृष्टांत अगदी कीर्तनातला! त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला; तिथल्या शिलालेखात शके ११२८ चे दान नोंदले आहे. ज्ञानोबांना कोरे पत्र धाडणारे चांगदेव ते निराळे.

आता मागच्या काळाचे. मागे अनंत काळ असेल तर तो सरून आजचा दिवस उगवलाच कसा? सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने हाच आक्षेप घेतला होता. पण यात नकळत एक पहिला दिवस धरला जातो. दिंडी आळंदीहून निघते, म्हणून पंढरी किती कोस ते विचारता येते. अनादी काळाला प्रस्थानच नाही. मागचा कोणताही दिवस दाखवा, तिथून आजपर्यंतचे दिवस मोजून संपतात. सगळे मिळून किती, असे कोणी विचारले तर उत्तर खहराचे: आजचा दिवस मिळवूनही राशी तेवढीच.

एवढ्याने काळ अनादी ठरत नाही. तसे म्हणण्यात विरोध नाही, इतकेच. अनादित्व का मानायचे, हे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्य कर्माच्या अंगाने सांगतात. कर्मावाचून देह नाही, देहावाचून कर्म नाही. बी आणि अंकुर. सृष्टीला पहिला दिवस मानला, तर त्या दिवशी एक जीव सुखात आणि दुसरा दुःखात जन्मला तो कोणत्या कर्माने? कर्म तर अजून घडलेच नव्हते. मग तो भेदभाव देवाच्या माथी येतो.