मेलबर्न, संध्याकाळी साडेपाच

नोव्हेंबर १९८७, नोव्हेंबर १९८९. मेलबर्नमध्ये विजांसह पाऊस पडून जातो आणि दम्याचे रुग्ण एकाएकी वाढतात. दोनदा.

१९९२. याचं कारण त्याच शहरातले संशोधक शोधतात. राय गवताचा परागकण आकाराने मोठा, नाकातच अडकतो. शिंका येतात, डोळे चुरचुरतात, तेवढ्यावर भागतं. पावसाच्या पाण्यात मात्र तो फुटतो. एका कणातून स्टार्चचे सुमारे ७०० दाणे बाहेर पडतात, प्रत्येक दाणा तीन मायक्रॉनहून लहान. ते थेट फुप्फुसात उतरतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध छापून येतो.

३० ऑक्टोबर १९९७. ऑस्ट्रेलियातल्याच वाग्गा वाग्गा गावात वादळानंतर २१५ जण रुग्णालयात धाव घेतात. ४१ जणांना दाखल करावं लागतं.

नोव्हेंबर २०१०. पुन्हा मेलबर्न.

सोमवार, २१ नोव्हेंबर २०१६, सकाळ. त्या वर्षी पाऊस भरपूर झालेला. शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला गवत माजलं आहे, फुलोऱ्यावर आलं आहे.

दुपार. पारा ३५ अंशांवर. हवेत दर घनमीटरला गवताचे शंभराहून अधिक परागकण, पातळी अतितीव्र. वादळाचा अंदाज आहे. पण वादळ आणि पराग या दोन गोष्टी एकत्र मांडून लोकांना दम्याचा इशारा देणारी यंत्रणा नाही. पहिला इशारा मिळून २९ वर्षं झाली आहेत.

५.३०. वादळापुढचा वारा शहरात शिरतो. तापमान १० अंशांनी उतरतं, आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाते. दिवसभराच्या उकाड्यानंतर गार झुळूक आली की माणूस खिडकी उघडतो, अंगणात येऊन उभा राहतो. त्या संध्याकाळी हवेत काय मिसळलं आहे, हे कोणी सांगितलेलं नाही.

६ नंतर. खोकला. छातीत घरघर. ज्यांना कधी दमा नव्हता, त्यांनाही. ‘ट्रिपल झीरो’ या आपत्कालीन क्रमांकावर फोन वाढू लागतात.

७ च्या पुढे. ऐन भरात दर चार-पाच सेकंदांना एक फोन. रुग्णवाहिका कमी पडतात. लोक मिळेल त्या गाडीतून स्वतःच रुग्णालय गाठतात.

२२ नोव्हेंबर, रात्र. सुमारे ३० तासांत श्वसनाच्या तक्रारींचे नेहमीपेक्षा ३,३६५ रुग्ण जास्त. दम्यामुळे दाखल झालेले ४७६ जास्त. या वादळाने घेतलेल्या बळींची अंतिम संख्या दहा. त्यांतले पाच रुग्णालयाबाहेरच गेले.

नंतरच्या पाहणीत दिसलं की आलेल्या रुग्णांपैकी फक्त २८ टक्क्यांना त्या वेळी डॉक्टरांनी निदान केलेला दमा होता. ३९ टक्के भारतीय किंवा इतर आशियाई वंशाचे. मृतांत असे सहा. आपल्याकडून तिकडे शिकायला, नोकरीला गेलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या गवताची ॲलर्जी काही वर्षांनी जडते आणि ते तिला साधी सर्दी समजतात. मला या हकिकतीत सर्वांत जास्त टोचतं ते हे.

१ ऑक्टोबर २०१७. व्हिक्टोरिया राज्यात वादळी दम्याचा अंदाज सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तो रोज मिळतो. तुमचं कोणी मेलबर्नला असेल आणि तिथल्या वसंतात त्याचं नाक सतत वाहत असेल, तर त्याला आजच फोन करा: डॉक्टरांना दाखव, इनहेलर जवळ ठेव, आणि इशाऱ्याच्या दिवशी वादळाआधी घरात ये, खिडक्या लाव.