लोकर, नमदा आणि फोम : मोटारीच्या रंगाचा घासून लिहिलेला इतिहास

मोटारीच्या देखभालीचे सामान विकणाऱ्या दुकानात पॉलिशिंग मशीनला लावायच्या गोल चकत्या टांगलेल्या दिसतात. एक पांढऱ्या लोकरीची, एक घट्ट नमद्याची, पाच-सहा रंगीबेरंगी फोमच्या आणि अलीकडे मायक्रोफायबरची एखादी. दुकानदार सांगतो, ही जास्त कापते, ती कमी. ते खरेच आहे. परंतु या चकत्या एकाच काळात किंवा एकाच गरजेतून जन्मलेल्या नाहीत. प्रत्येक पॅडमागे रंगाची एक वेगळी पिढी उभी आहे. आजचा धागा त्या पिढ्यांविषयी. विषय वरवर क्षुल्लक वाटेल, पण एका पिढीचे पॅड दुसऱ्या पिढीच्या रंगावर फिरले, तर जे निघून जाते ते पुन्हा चढवता येत नाही.

आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. पहिल्या मोटारी रंगवल्या त्या बग्ग्या रंगवणाऱ्या कारागिरांनीच, आणि त्यांच्याच पद्धतीने. लाकडावर सफेद्याचे, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगाचे अस्तर. त्यावर जवसाच्या तेलातला रंग. त्यावर राळेचे व्हार्निश. प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा आणि मगच पुढचा थर. हे सारे काम पूर्ण व्हायला दोन ते चार आठवडे सहज जात. व्हार्निश घासण्याचे साधन म्हणजे नमद्याचा ठोकळा, पाणी आणि प्युमिसची पूड. प्युमिस हा ज्वालामुखीतून निघणारा सच्छिद्र, हलका दगड. अखेरची झिलई त्याहून मऊ पुडीने, आणि कित्येकदा थेट तळहाताने. आज नमद्याचे पॅड मुख्यतः काचेवरचे ओरखडे काढायला वापरतात. त्याची मूळ नोकरी मात्र व्हार्निशवरची होती.

या हातकामाविषयी लिहिताना गतकाळाच्या कारागिरीचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो टाळावा. सफेद्याचे अस्तर कोरडे घासले की शिशाची धूळ उडे आणि ती घासणाऱ्याच्या श्वासातून शरीरात जाई. पोटात उठणाऱ्या कळा आणि मनगटातून लुळा पडणारा हात ही रंगाऱ्यांच्या धंद्याची ओळखीची दुखणी होती. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या वैद्यक संशोधिकेने १९१० पासून कारखान्यांतल्या शिशाच्या विषबाधेचा जो अभ्यास केला, त्यात रंगारीही होते. आरशासारख्या चकाकणाऱ्या जुन्या बग्गीच्या छायाचित्रात हे दिसत नाही.

मोटारींची संख्या वाढू लागली तशी ही पद्धत कोलमडली. दिवसाला हजार गाड्या बनवायच्या आणि प्रत्येक गाडी तीन आठवडे वाळत ठेवायची, तर तेवढी छपराखालची जागा आणायची कुठून? फोर्डने आपल्यापुरता मार्ग काढला. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे. काळा रंग लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असे सर्रास सांगितले जाते, पण ते स्पष्टीकरण फारच सोपे आहे. डांबरी द्रव्य आणि जवसाचे तेल यांपासून केलेला, भट्टीत भाजून पक्का करायचा तो रंग स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि एकच रंग ठेवल्याने कारखान्याची साखळी अडत नव्हती. गिऱ्हाइकाच्या आवडीचा प्रश्न फोर्डने सोडवला नाही; त्याने तो विचारायचेच थांबवले.

तो प्रश्न जनरल मोटर्सने विचारला, आणि त्याचे उत्तर दारूगोळ्याच्या धंद्यातून आले. पहिल्या महायुद्धात ड्यूपॉन्ट कंपनी नायट्रोसेल्युलोज प्रचंड प्रमाणावर बनवत होती. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून मिळणारा हा पदार्थ धूरविरहित बंदुकीच्या दारूचा पाया. युद्ध संपले आणि त्याला नवे गिऱ्हाईक हवे झाले. नायट्रोसेल्युलोजचे लाखेसारखे रोगण पूर्वीही होते, पण ते इतके चिकट आणि घट्ट असे की फवारण्याजोगे पातळ केले तर त्यात रंगद्रव्य नावालाच उरे. १९२० च्या सुमारास ड्यूपॉन्टच्या रसायनज्ञांना कमी घट्टपणाचे नायट्रोसेल्युलोज साधले, आणि हा अडसर दूर झाला. १९२३ मध्ये 'ड्युको' बाजारात आले. १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड ही ड्युकोने रंगवलेली जनरल मोटर्सची पहिली गाजलेली गाडी. आठवड्यांचे काम तासांवर आले.

जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. रंग इतक्या लवकर वाळणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी जेवायला नेले आणि तेवढ्या वेळात बाहेर त्याची गाडी दुसऱ्याच रंगाने रंगवून ठेवली. पाहुण्याला आपली गाडी ओळखू येईना. गोष्ट दंतकथेच्या वळणाची आहे. तरीही त्या काळाला ड्युकोचे नवल किती वाटले, हे तिच्यातून कळते.

आपल्या विषयाला कलाटणी मिळते ती इथे. ड्युको झटपट वाळे, पण फवाऱ्यातून चकचकीत उतरत नसे. द्रावक भराभर उडून गेल्याने पृष्ठभाग मंद आणि खरखरीत राही. चकाकी घासूनच आणावी लागे. म्हणजे वाळवण्याचा वेळ वाचला, घासण्याचे काम राहिले, आणि ते आता कारखान्याच्या वेगाने व्हायला हवे होते. तळहात आणि नमदा त्या वेगाला पुरणारे नव्हते. मशीनवर फिरणारी मेंढीच्या लोकरीची गादी त्या कामाला चपखल बसली. लोकरीचा प्रत्येक तंतू कंपाउंडचे कण धरून रंगावर ओढतो, म्हणून ती फोमपेक्षा वेगाने कापते. तंतूंमधून हवा खेळत असल्याने ती तुलनेने थंडही राहते. ड्युकोला ही दांडगाई मानवत असे. त्याच्या थरात वरपासून खालपर्यंत एकच रंग. वरचे काही मायक्रॉन निघाले तर खाली तोच रंग पुन्हा उजळून येई. पॅडला गाडीचा रंग लागणे, ही तेव्हा काम नीट चालल्याची खूण होती.

मुंबई-पुण्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले आजही 'ड्युको' म्हणतात. कपाटाच्या दारांना 'ड्युको मारायचा का', असे विचारणाऱ्या कारागिराच्या बोलण्यात ओकलंड गाडीही असते आणि बंदुकीची दारूही. व्यापारी नावाचे सामान्यनाम होऊन ते मूळ मालापेक्षा जास्त जगते, याचे इतके सुबक उदाहरण मला तरी दुसरे सापडलेले नाही.

१९३० च्या दशकात अल्किड इनॅमल आले. ते आपोआपच चकाकत वाळे, त्यामुळे कारखान्यातले घासकाम कमी झाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर आले. हे टप्पे महत्त्वाचे असले तरी लोकरीचे राज्य त्यांनी उलथवले नाही. ते उलथवले क्लिअर कोटने.

१९८० च्या दशकात रंगाचे काम दोन थरांत विभागले गेले. खाली रंगाचा पातळ थर, वर रंगहीन, कठीण, पारदर्शक थर. चकाकी, पावसापासून बचाव, सूर्याच्या अतिनील किरणांपासून रक्षण हे सारे त्या वरच्या थराकडे आले, आणि त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केसही सहसा याहून जाड असतो. गॅरेजांत मात्र तीच जुनी लोकर आणि तेच जाडेभरडे कंपाउंड फिरत राहिले. परिणाम उन्हात दिसू लागले : कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे आणि पाहण्याचा कोन बदलला की सरकणाऱ्या धूसर पट्ट्या. एकजीव रंगावरही असे ओरखडे पडत, पण पारदर्शक थर भिंगासारखा प्रत्येक रेष उजेडात आणतो, गडद गाडीवर तर विशेषच.

यावर उतारा म्हणून फोम पुढे आला. पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ मध्ये लावला होता. गाद्या-खुर्च्यांत त्याचा मऊ फोम १९५० च्या दशकापासून भरला जात होता. फोममध्ये सुटे तंतू नाहीत. तो दाब पसरवतो, हळू कापतो, पण मागे रेषा कमी ठेवतो. त्याचे वैगुण्य उष्णतेचे : फोम ताप धरून ठेवतो, म्हणून एकाच जागी रेंगाळणे धोक्याचे. आणखी एका शोधाला इथे श्रेय दिले पाहिजे. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याने १९५० च्या दशकात पेटंट घेतलेले वेल्क्रो. पूर्वी लोकरीची टोपी दोरीने आवळून बांधावी लागे किंवा पॅड स्क्रूने बसवावे लागे. पाठीला वेल्क्रो लागले आणि एकाच बॉनेटवर तीन पॅड बदलून पाहणे मिनिटाचे काम झाले. पॅडची 'निवड' ही संकल्पना रोजच्या कामात उतरली ती त्यामुळे, असे माझे मत आहे.

मायक्रोफायबर हे या घराण्यातले धाकटे. केसापेक्षा कित्येक पटींनी बारीक कृत्रिम तंतू जपानमध्ये १९७० च्या सुमारास तयार झाले. पॅड म्हणून ते बऱ्याच नंतर आले. एकाच वेळी गोल फिरणाऱ्या आणि हेलकावणाऱ्या मशीनवर ते लोकरीच्या जवळपास कापते, मात्र मऊ रंगावर धुरकट छटा सोडते. ती काढायला पुन्हा मऊ फोम लागतोच.

फोमच्या रंगांवर मात्र विसंबू नये. एका कंपनीचे नारिंगी पॅड कापणारे असेल, तर दुसरीचे निव्वळ झिलईचे. या रंगसंकेताला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. जाडी मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्राचाही आधार अपुरा आहे. ते पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगते, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर किती उरला आहे, हे सांगत नाही. वापरलेली गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने तिला किती वेळा लोकरीखाली घातले आहे याची नोंद कुठेही सापडायची नाही.

म्हणून पॅड निवडण्याआधी रंगाची पिढी ओळखावी. दरवाजाच्या खालच्या कडेसारखी न दिसणारी जागा घ्यावी, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन हाताने घासावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर तो एकजीव, जुन्या कुळातला रंग. त्याला लोकर सोसवते, मात्र जुना थर किती उरला आहे हे पाहूनच. फडक्यावर रंग उतरला नाही, तर वर बहुधा क्लिअर कोट आहे : तिथे सर्वांत मऊ फोमने वीतभर जागेवर सुरुवात करावी, उजेडात तिरके पाहावे, आणि ओरखडे हटले नाहीत तरच एक पायरी वर चढावे. पांढऱ्या गाडीवर हे फडके नीट बोलत नाही. तिथे गडद रंगाचे घ्यावे.