प्रतिपिंड : ग्राही प्रथिनाच्या शोधातील एक साधन

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांतांची नोंद सविस्तर होते. साधनांची मात्र अनेकदा उपेक्षा होते. पेशीला वाढीचा संदेश पोहोचविणाऱ्या एका ग्राही प्रथिनाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅन्ले कोहेन यांनी १९६२ मध्ये उंदराच्या लाळग्रंथींतून 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर' हा वृद्धिघटक वेगळा केला. तो पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीशी जोडला जातो, हे पुढे स्पष्ट झाले. तथापि असंख्य प्रथिनांमधून तो ग्राही शुद्ध स्वरूपात मिळविणे कठीण होते. केंब्रिज येथे कोहलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा तंत्र मांडले. त्यामुळे एकच लक्ष्य ओळखणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे हवी तितकी तयार करणे शक्य झाले.

लंडनमधील मायकेल वॉटरफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच प्रतिपिंडाच्या साहाय्याने मानवी वारेतून आणि ए-४३१ या कर्कपेशींतून हा ग्राही शुद्ध केला. त्याच्या सहा तुकड्यांत मिळून ८३ अमिनो आम्ले होती. त्यांपैकी ७४ आम्ले कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाशी जुळली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे, कर्करोगकारक जनुक हे पेशीच्याच वृद्धियंत्रणेचे विकृत रूप असू शकते, या विचाराला भक्कम आधार मिळाला.

याच ग्राहीविरुद्धच्या दुसऱ्या एका प्रतिपिंडापासून सेटुक्सिमॅब हे औषध विकसित झाले व २००४ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रयोगशाळेतील साधनाने प्रथम ज्ञान दिले, नंतर उपचार. म्हणूनच साधनांचा इतिहास हा विज्ञानेतिहासाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.