सातातला प

मागच्या वीकांताला काही लिहिलं नाही, कारण परीक्षा होती. हसू नका, चाळिशीतही परीक्षा असतात. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट फ्रेंच आहे. वर्षभरासाठी तिकडे जायचं असेल तर आधी भाषेची एक पायरी चढून दाखवा, असा निरोप आला. म्हणून गेले सात महिने दर शनिवार-रविवार कासारवाडीतून मेट्रो पकडून पुण्यात एका फ्रेंचच्या क्लासला जातोय. पहिल्या प्रयत्नात लेखी पेपरात पास झालो आणि तोंडीत साफ आपटलो. दोष क्लासचा नाही, माझ्या जिभेचा.

किंवा मला तसं वाटत होतं. नंतर लक्षात आलं की दोष जिभेचाही नाही, ज्या रस्त्याने मी फ्रेंचकडे चाललो होतो त्या रस्त्याचा आहे. आजचा लेख त्या रस्त्याच्या इतिहासाबद्दल.

आमच्या क्लासचं पुस्तक इंग्रजी माणसासाठी लिहिलेलं. इंग्रजी माणसाला फ्रेंच अर्धी आधीच येत असते. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात फ्रेंच चालली आणि इंग्रजीत हजारो फ्रेंच शब्द मुरले. त्यामुळे शब्द ओळखीचे वाटतात. (फसवतातही. 'लिब्रेरी' म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचं दुकान. 'लेक्त्यूर' म्हणजे लेक्चर नव्हे, वाचन.) मग इंग्रजी माणूस अडतो कुठे? नामांना लिंग असतं हे पचवण्यात, 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक समजण्यात आणि उच्चारात. पुस्तकात पानंच्या पानं यावरच खर्च झालेली. 'जीभ दातांना लावा आणि श्वास न सोडता म्हणा' अशी सूचना आहे. अहो, तो आपला 'त' आहे! पहिलीतलं पोर म्हणतं.

पण आम्ही वर्गातले सगळे मराठी लोक 'त्यू'ला 'ट्यू' म्हणत होतो. का? कारण रोमन टी दिसला की आपल्या डोक्यात 'ट' वाजतो. टेबल, टायर, डॉक्टर, ड्रायव्हर, हे सगळे इंग्रजीतून आले आणि ट-ड घेऊन आले. त्याआधी पोर्तुगीजांकडून आलेले शब्द बघा: फीत, मिस्त्री. तिथे त आहे, कारण पोर्तुगीज त दातांवरचा आणि आपण तो जसा ऐकला तसा घेतला. गंमत म्हणजे मिस्त्री ज्या पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, त्याचा सख्खा भाऊ म्हणजे फ्रेंच 'मेत्र', अर्थ गुरू किंवा उस्ताद. दोघांचा बाप लॅटिन 'मॅजिस्टर'. म्हणजे नाशिक फाट्याच्या गॅरेजमधला मिस्त्री नात्याने फ्रेंचांचा लागतो, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आणि ते 'गॅरेज'? फ्रेंच. चेसिस? फ्रेंच, 'शासी'. शोफर फ्रेंच, ऑटोमोबाइल फ्रेंच. 1900च्या आगेमागे मोटारी बनवण्यात फ्रान्स जगाच्या पुढे होता, म्हणून मोटारीची भाषा तिकडची. बाबा तीस वर्षं इथल्याच एका कंपनीत टर्नर होते. त्यांच्या खिशात कायम व्हर्निअर असायचा. तो ज्याच्या नावाने ओळखला जातो तो प्येर वेर्निए, साल 1631. बॉयलरवरच्या प्रेशर गेजमधली वाकडी नळी 1849 सालच्या यूजेन बूर्दाँची. मिलिमीटर फ्रेंच राज्यक्रांतीचा, 1795चा. आपल्याकडे कायदा झाला 1956 साली. बाबा मात्र रिटायर होईपर्यंत बोलताना 'दोन सूत कमी कर' असंच म्हणायचे. अख्खा औद्योगिक पट्टा अर्धवट फ्रेंच बोलतो, पण इंग्रजी उच्चारात.

हे असं का झालं याला एक राजकीय कारणही आहे. 1777 साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नाना फडणविसांनी त्याचं स्वागत केलं आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी सावॉयच्या दी बॉइनने उभ्या केल्या, त्याच्यानंतर फ्रेंच पेरॉन आला. तेव्हा या भाषेला इथे भाव होता. मग 1802च्या अखेरीस वसईचा तह झाला. इंग्रजांशी ज्या देशाचं युद्ध असेल त्या देशाच्या युरोपियनांना पेशव्यांनी नोकरीत ठेवायचं नाही, असं कलम त्यात होतं. त्या वेळी असा देश म्हणजे मुख्यतः कोण, हे सांगायला नको. 1818 नंतर तर युरोपकडे जाणारा आपला एकच दरवाजा उरला, इंग्रजीचा. फ्रेंचसुद्धा त्याच दारातून आत यायची.

तरी काही लोक हट्टाने गेले. टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. गीतारहस्य तिथे लिहिलं हे आपण शाळेत पाठ करतो, पण त्याच कोठडीत त्यांनी पुस्तकांवरून जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकायला घेतल्या हे फारसं कुणी सांगत नाही. पन्नाशी उलटलेली, मधुमेह जडलेला, परत येऊ की नाही याची खात्री नाही, आणि माणूस फ्रेंच क्रियापदं घोकतोय. एसी मेट्रोत बसून कंटाळा येणाऱ्या मला हे आठवलं की लाज वाटते.

पण माझा रस्ता ज्याने बदलला तो माणूस वेगळा. झ्यूल ब्लॉक (1880-1953). फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. संस्कृतपासून प्राकृतमार्गे मराठी कशी घडली, याचा पहिला पद्धतशीर इतिहास त्याने लिहिला. फ्रेंचमध्ये! 1920 साली तो पॅरिसला छापला गेला. म्हणजे आपल्या मायबोलीचा इतिहास वाचायचा तर मराठी माणसाने फ्रेंच शिकायचं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी 1941 साली 'मराठी भाषेचा विकास' या नावाने त्याचं भाषांतर केलं, तेव्हा ते मराठीत आलं. इंग्रजी भाषांतर यायला 1970 उजाडलं. दोन भाषांच्या मधे इंग्रजी न घेता कुणीतरी थेट पूल बांधला होता, आणि मला तो तोंडी परीक्षेत नापास झाल्यावर सापडला!

ब्लॉकची पद्धत अशी की अक्षर कसं झिजतं त्याचे नियम शोधायचे. तेच मी घरी दोन्ही भाषा शेजारी ठेवून करून पाहिलं. संस्कृत सप्त, प्राकृत सत्त, मराठी सात. लॅटिन सेप्तेम, इटालियन सेत्ते, फ्रेंच 'सेत'. दोन्हीकडे प गळाला आणि त्याच पद्धतीने गळाला. फरक एवढाच की फ्रेंच लोक सात लिहिताना आजही मधे पी लिहितात आणि उच्चारत मात्र नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये तो लिहीतही नसत; मागाहून लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या लेखनिकांनी परत आणून बसवला. आपल्या पंडितांची आठवण आली ना?

व्याकरणाचंही तेच. 'ला लेत्र क झे एक्रीत', म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. शेवटी 'एक्री' नाही, 'एक्रीत', कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी. कर्म आधी आलं की क्रियापदाचं रूप कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजी पुस्तकात यावर चार पानं आणि वर 'अवघड' अशी खूण. आपण तर जन्मभर तेच करतोय: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, आणि आपलं कर्म तर बहुधा आधीच येतं. 'ती गेली' आणि 'तो गेला' यांतला फरक फ्रेंचमध्ये लिहून दाखवावा लागतो, तोही आपल्याला फुकट. मी मात्र सात महिने मराठी वाक्य मनात इंग्रजी करत होतो आणि मग त्याचं फ्रेंच. म्हणजे कासारवाडीहून पिंपरीला व्हाया लोणावळा!

आता सगळंच सोपं आहे असं म्हणत नाही. घशातला र मला अजून येत नाही. ओठ ऊचे आणि जीभ ईची, हा प्रकारही तालमीनेच जमतो.

राहिला अनुस्वार. हे लिहू की नको असा विचार करत होतो.

फ्रेंच दात म्हणजे 'दाँ'. स्वर नाकात, शेवटचा त गायब. लॅटिन दंतेम, संस्कृत दंत. त्यांनी नाक ठेवलं आणि त सोडला. आपण त ठेवला आणि नाक सोडलं. पण आधी आपणही 'दांत'च म्हणायचो, 'पांच' म्हणायचो. हळूहळू उच्चार गेला, लिहिण्यात टिंब राहिलं. 1962 साली सरकारने मान्य केलेल्या लेखन नियमांनी ते उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यात चूक काही नव्हतं, पुणेरी तोंडात तो स्वर उरलाच नव्हता. कोकणात मात्र तो आजही ऐकू येतो.

माझी आजी मालवणकडची. चौथी शिकलेली. ती 'पांच' म्हणायची, 'नांव' म्हणायची, नाकातून, आणि पोस्टकार्डात तसंच लिहायची. मी पाचवीत होतो. शाळेत शुद्धलेखनाला दहापैकी दहा मिळत होते, त्या तोऱ्यात मी तिच्या एका पोस्टकार्डावरचे सगळे अनुस्वार लाल पेनाने खोडले आणि मे महिन्यात गावाला गेल्यावर तिला दाखवलं. बाबा ओरडले. आजी हसली, हुशार आहे म्हणाली. त्यानंतर तिची पत्रं येत राहिली, पण अक्षर काकाचं असायचं.

पहिल्या परीक्षेत मी सगळ्यात जास्त मार खाल्ला तो नाकातल्या स्वरांवर. 'सँक', म्हणजे पाच, मला म्हणता येत नव्हतं. बाईंनी नाक चिमटीत धरून दाखवलं, पुस्तकातली आकृती दाखवली. शेवटी एका रविवारी घरी मी आजीसारखं 'पांच' म्हणून पाहिलं. स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं, "काय रे, आईची नक्कल करतोस?" मी म्हटलं, नाही बाबा, फ्रेंच करतोय. मग त्यांनाच समोर बसवलं. कोकण सोडून त्यांना पन्नास वर्षं झाली, पण एक ते दहा त्यांनी अगदी तिच्यासारखं म्हणून दाखवलं. मागच्या रविवारच्या तोंडीची तयारी माझ्याकडून त्यांनी करून घेतली, एकही फ्रेंच शब्द माहीत नसताना.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. काय लागायचा तो लागो.

ते लाल पेनाचं पोस्टकार्ड बाबांनी जपून ठेवलंय, हे मला याच निमित्ताने कळलं. असो. तुमच्या घरात अजून कुणी 'पांच' म्हणत असेल तर सुधारू नका. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्याकडे तिचा आवाज नाही.