बालसंगोपन : वारापासून गृहभेटीपर्यंत

पुण्याच्या शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत पूर्वी गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पोटाची सोय व्हायची. रात्री पथारीवर रडू आलं तर ते ज्याचं त्यानं बघायचं. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानं सरकारही यात उतरलं. मनाकडे बघणारं बालमार्गदर्शन केंद्र मात्र १९३७ साली मुंबईत, टाटांच्या समाजकार्य शाळेनं काढलं.

आश्रमाऐवजी घर, ही राज्याच्या बालसंगोपन योजनेची वाट. आईवडील नाहीत, किंवा तुरुंगात आहेत, दुर्धर आजारात आहेत. अशा मुलाला आजीनं, मामा-मावशीनं किंवा परक्या कुटुंबानं सांभाळायचं आणि सरकारनं दरमहा हातभार लावायचा. मंजुरी बालकल्याण समितीची. कित्येक वर्षं हा हातभार ४२५ रुपयांचा होता. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ११०० झाला. २०२३ मध्ये २२५०, आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव लागलं. शोभतं ते. यशवंताला दत्तक घेऊन डॉक्टर केलं ते याच माउलीनं आणि जोतीरावांनी.

ही रक्कम ठरवणाऱ्या शासन निर्णयांत आणखी एक आकडा असतो, तो फारसं कुणी वाचत नाही. गृहभेटी करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला दर मुलामागे महिन्याला आधी ७५ रुपये मिळत, मग १२५, आता २५०. मुलाच्या घरी जाऊन बसणारं माणूस येतं ते या पैशांतून.

मेहुणपुऱ्यातल्या जुन्या वाड्यातली एखादी खोली डोळ्यांपुढे आणा. मावशी चहा टाकते, कार्यकर्ती शाळेची हजेरी विचारते, पासबुकाची झेरॉक्स मागते. मुलगा दारात उभा.

“काही त्रास नाही ना रे?”

“नाही ताई.”

मावशीदेखत तो दुसरं काय सांगणार? जाणती कार्यकर्ती मग म्हणते, “चल, मला कोपऱ्यापर्यंत सोड.” ओंकारेश्वराच्या वाटेवर कळतं, की पोरगं रात्र रात्र जागतं; इथूनही कुठं पाठवतील ही धास्ती. त्याला ससूनच्या मानसोपचार विभागात न्यायचं तर मावशीचा दिवसाचा रोज बुडतो.

अठरा पूर्ण झाले की अनुदान थांबतं, ताईचं येणंही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पुढच्या अनुरक्षणाची तरतूद आहे, पण ती संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी. मावशीकडे वाढलेल्याला उरतो टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६.

पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा वाढ आधी त्या २५० मध्ये हवी, आणि गृहभेटीच्या अहवालात मुलाशी एकट्यानं बोलल्याचा एक रकाना.