पेटीबाहेरची पेटी

घर कितीही ऐसपैस बांधा, माळा हा लागतोच. माळ्यावर नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं; पण त्यातलं काही टाकून द्यायची गोष्ट काढली की घरातली मंडळी अशी बघतात, जणू आपण आजोबांनाच बाहेर काढायला निघालो आहोत. संगणक घरात आला आणि बघता बघता त्यालाही माळा लागला.

या माळ्याचा मूळपुरुष १९५६ सालचा. अमेरिकेत सॅन होजे इथे आयबीएम कंपनीत रेनॉल्ड जॉन्सन नावाचे इंजिनियर होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी ‘रॅमॅक’ नावाचं एक धूड जन्माला घातलं. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक! पंगत उठल्यावर ताटं घासून रचावीत तशा. वजन टनभर. आणि मावायचं किती, तर पन्नास लाख अक्षरं. म्हणजे आजच्या मोबाइलवरचा एक फोटो जेमतेम. मागे उभ्या राहिलेल्या भाचरांसाठी दुसरा काढायचा तर दुसरं धूड. यंत्रासकट महिन्याचं भाडं होतं ३,२०० डॉलर. पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या मुंबईकराला हा आकडा मोठ्याने वाचून दाखवू नये.

मग फ्लॉप्या आल्या. १९७१ साली आठ इंची, १९७६ साली सव्वापाच इंची, १९८१ साली साडेतीन इंची. पापड, पुरी आणि पाणीपुरी, एवढंच त्यांचं वर्णन पुरे.

घरातल्या संगणकाला बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क ॲपल कंपनीने १९८१ साली ‘प्रोफाइल’ या नावाने आणली. पाच मेगाबाइट, ३,४९९ डॉलर. महाग म्हणावं, तर १९८४ सालच्या त्यांच्याच मॅकिंटॉशची गत पाहा. त्याला फ्लॉपीचं तोंड एकच. एका फ्लॉपीची नक्कल दुसरीवर करायची म्हणजे ही घाल, ती काढ, ती घाल, ही काढ. दळण दळल्यासारखं. अशा माणसाने शेवटी कर्ज काढून पेटी घेतली असेल तर त्याला नावं ठेवू नयेत.

१९९४ साली ‘झिप’ आली. शंभर मेगाबाइटची, सुटसुटीत, निळी. काहींची झिप मात्र आतून टकटक करू लागे आणि टकटक थांबली की आतला मजकूर वैकुंठवासी झालेला असे. १९९८ साली गिऱ्हाइकं कोर्टात गेली. यूएसबी आली ती १९९६ साली. तिच्या पहिल्या वेगाने आजची एक टेराबाइटची पेटी भरायला घेतली तर सात-आठ दिवस लागतील, म्हणजे अखंड हरिनाम सप्ताहच!

आता दुकानात जाऊन निवड करायची. पहिला धक्का असा, की एक टेराबाइट म्हणून घेतलेली पेटी घरी जोडली की बहुतेक संगणक ९३१ दाखवतात. गवळ्याची आठवण होते. पण इथे पाणी नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने; दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक.

खरा प्रश्न फिरती घ्यायची की न फिरती. फिरतीत तबकडी गरगरते आणि वाचणारी सुई तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगते. स्वस्त, पोट मोठं, पण टेबलावरून पडली तर दसऱ्याचं सोनं सुद्धा द्यायला उरत नाही. न फिरती, म्हणजे एसएसडी, चपळ आणि मुकी. पडली तरी सहसा हसून उठते. भाव मात्र चढा. आणि तिचा एक गुण दुकानदार सांगत नाही: विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर ती हळूहळू विसरायला लागते. पेन्शनरांनी हे वाक्य मनाला लावून घेऊ नये. रोज पिशवीतून नेण्या-आणण्याला एसएसडी, आणि साठवणीच्या लोणच्याला फिरती, असं माझं मत. आणि फिरत्या दोन घ्याव्यात, एका घरात दोन्ही ठेवू नयेत. चोर, पाणी आणि आग हे तिघेही पत्ता बघून येतात.

आमच्याकडे जपण्यासारखं म्हणजे वडिलांच्या आवाजाची एक फीत होती. ती मी संगणकावर उतरवून घेतली. सात मिनिटं. त्यात काही उपदेश-बिपदेश नाही. गॅसच्या सिलिंडरचा नंबर लावून महिना झाला तरी तो कसा आला नाही, हे ते तावातावाने आईला सांगताहेत आणि आई मध्येमध्ये “बरं, चहा घ्या” म्हणते आहे. एवढासा ऐवज, पण रॅमॅकच्या पन्नास तबकड्यांत तोही मावला नसता.

त्याची एक प्रत माझ्याकडे, एक नाशकात ताईकडे. ताईने पेटी पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहे. तिथे ओल लागत नाही आणि चोर पापड नेत नाही, असं तिचं म्हणणं. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की ती डबा काढते, मी पेटी जोडून बघतो. पेटी घुर्रर्र करते, आम्ही दोघं श्वास धरतो, आणि वडील सांगू लागतात की सिलिंडर अजून आलेला नाही.